हुकाचा नारळ

आमच्या अंजनगावात जीपमागे ट्रॉली जोडायची असली तर कंपनीचा हूक कोणी घेत नाही. गाडी इनायतुल्ला मिस्त्रीच्या दुकानापुढे लावायची, चहा प्यायचा, गप्पा हाणायच्या. तेवढ्यात मिस्त्री गाडीखाली सरपटत जाऊन वितीनं माप घेतो आणि दुपारपर्यंत हूक तयार. आरसीत नोंद आहे का, आरटीओची परवानगी घेतली का, असल्या भानगडी त्याला कोणी विचारल्या नाहीत आणि त्यानंही कोणाला सांगितल्या नाहीत. समोरच माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं मी हे पाहत होतो, मीही बोललो नाही.

हुकावर तो सेंटर पंचानं, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं, तीन ठिपके ठोकायचा. त्याची सही म्हणा. लोक दसऱ्याला त्या ठिपक्यांवर कुंकू लावायचे, मिस्त्री मुसलमान आहे की कोण याचा हिशेब त्या दिवशी कोणी करत नसे. आणि नवा हूक बसला की मालकानं त्याच्यावर नारळ फोडायचा, एक वाटी मिस्त्रीची. हा रिवाज कोणी पाडला देव जाणे. पूर्वी ती वाटी घरी जायची, नईमाभाभी तिची बर्फी करायच्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. लेक अलीझा लग्न होऊन अकोल्याला. तेव्हापासून मिस्त्री ती वाटी घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचा.

"एकट्या मानसाले अर्धं नारळ लय होते, शालिकभाऊ," म्हणायचा.

मग चार वाजताचा चहा, गूळ आणि खोबरं. मी काही गोड स्वभावाचा माणूस नाही. बायकोपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांवर खेकसतो. पण त्या अर्ध्या तासात माझा आवाज खाली यायचा, हे माझ्या मुलानं, गोपालनं, मला दाखवून दिलं होतं.

आता जी गोष्ट मी आठ महिने तोंडातून काढली नाही ती लिहितो. त्या हुकांचं लोखंड माझं होतं. ट्रकचे जुने कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, मी भंगारात घ्यायचो आणि दुकानामागे रचून ठेवायचो. मिस्त्री आधी साध्या नव्या पट्टीचे हूक करायचा. मीच त्याच्या डोक्यात भरवलं की कमानपाटा घे, वीस वर्षं ट्रकचा भार सोसलेलं लोखंड ते, ट्रॉली काय चीज आहे. एकदा तो पाट्याचा तुकडा घेऊन आलाही होता.

"शालिकभाऊ, हे वेल्डिंग धरते, पन बाजूनं लय टनक होऊन राहिलं. ठोकलं की आवाज येगळा येते."

"आवाज काय आयकतं? तुले गानं म्हनाचं हाय का?" असं म्हणून मी त्याला हसण्यावारी नेलं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. तेव्हापासून तो पाट्याचेच हूक करू लागला.

गेल्या मार्गशीर्षात कुलदीपचा हूक तुटला. हा कुलदीप आमच्याच तालुक्यातला, संत्र्याचा बागवाला. जीपमागे फवारणीच्या टाकीची दोनचाकी गाडी लावून परतवाड्याच्या रस्त्यानं जात होता. पुलाच्या चढावर हूक तुटला आणि पाण्यानं भरलेली टाकी उलटी घरंगळली. हुकाच्या जोडीला साखळी लावली असती तर तेवढ्यानंही अडली असती, पण साखळी कुलदीपनं म्हशीला बांधायला काढून नेली होती. मागून गजेंद्र दूधवाला मोटारसायकलवर येत होता. त्याचा उजवा पाय चिरडला. जीव वाचला, पण काठीशिवाय तो आता चालत नाही, आणि दूधही घालत नाही.

पोलीस आले, मोटार वाहन निरीक्षक आला. जीपच्या आरसीत हूक नाही, मागच्या गाडीला नंबरच नाही. विमा कंपनीनं हात वर केले. तिचा सर्व्हेअर तुटका हूक पिशवीत घालून आमच्या गल्लीत आला.

"हा कोणी बनवला?"

मिस्त्रीनं हात पुसले. पावती नव्हती, दुकानाला पाटी नव्हती, तीन ठिपके तर कोणीही ठोकेल. नाही म्हणाला असता तर कोणी काही करू शकलं नसतं.

"म्याच बनवला. हे ठिपके माह्येच."

"आणि लोखंड कुठलं?"

मी गल्ल्यावर बसून ऐकत होतो. मिस्त्रीनं माझ्याकडे मान वळवली नाही. "भंगारातलं," म्हणाला.

सर्व्हेअर तरीही माझ्याकडे आला. तुम्ही कमानपाटे विकता का, म्हणून विचारलं. पोत्यांमागे सतरा पाटे रचलेले होते. "आपल्याकडे फक्त नवे पार्ट," मी म्हणालो, आणि इतक्या मोठ्यानं म्हणालो की समोर ऐकू गेलं. मिस्त्रीनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून चार वाजताचा चहा बंद झाला. तो आला नाही, मीही बोलावलं नाही.

जाताना सर्व्हेअरनं मिस्त्रीला तुटकी जागा दाखवली होती. अर्धी चकचकीत, अर्धी जुनी गंजलेली. दुकानापुढे जमलेल्या लोकांना मिस्त्री सांगत होता ते मी इकडून ऐकलं. "हे त्या दिवशी नाई तुटलं. वेल्डिंगच्या बाजूनं कईपासूनच चिरलं होतं. पाटा वेल्डिंग कराचं लोखंडच नाई. अशे माह्या हातचे अजून बावीस हूक रस्त्यावर फिरून राहिले."

मग त्यानं जे सुरू केलं ते पाहून अर्धं अंजनगाव हसलं. सकाळी बाजारातून नारळ घ्यायचा, लुनाच्या हँडलला पिशवी अडकवायची आणि निघायचं. पथ्रोट, कापूसतळणी, पार रिद्धपूरपर्यंत. ज्याच्या गाडीला हूक त्याच्या दारात जाऊन म्हणायचं, "तुमचं नारळ घ्या, माहा हूक द्या." ट्रॅक्टरवाल्यांना तो नव्या पट्टीचा, नटबोल्टनं कसलेला हूक द्यायचा, दोन साखळ्या आणि निसटणार नाही अशी पिन लावून. जीपवाल्यांना दुसरा हूक द्यायचा नाही. त्यांना सांगायचा की कंपनीचा घ्या, परवानगी काढा, नाही तर ट्रॅक्टर लावा.

लोक काय काय बोलले! एकानं म्हटलं, पाच वर्षांत माझा हूक हललासुद्धा नाही. दुसऱ्यानं म्हटलं, म्हातारपणी चळ लागला. कुलदीप तर दिसेल त्याला सांगत फिरत होता की मिस्त्रीनं मला फसवलं, साखळीचं नाव काढत नव्हता. रिद्धपूरला एक तरुण गडी काही केल्या ऐकेना, तेव्हा मिस्त्री ओट्यावर नुसता बसून राहिला. शेवटी त्या मुलाची आई मनकर्णाबाई पाना घेऊन स्वतःच जीपखाली शिरली. हे मला पार्ट घ्यायला आलेल्या माणसानं सांगितलं. मिस्त्रीनं सांगितलं असतं तर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो.

गिऱ्हाईक तुटत गेलं. ज्याच्यावर पोलिसात कागद झालाय त्याच्याकडे गाडी कोण लावणार? लुना काढली नसेल त्या दिवशी तो एकटाच स्टुलावर बसलेला दिसायचा. संध्याकाळी आणलेल्या हुकाचे गॅसकटरनं दोन तुकडे करायचा. मी समोरून मोजत होतो. आषाढ लागला तेव्हा एकवीस झाले होते.

बाविसावा माझ्या जीपला होता.

गोपाल त्याच जीपमागे ट्रॉली लावून शेंदूरजनाघाटच्या बागवाल्यांना पाइप आणि मोटारी पोचवतो. मिस्त्री लुनावरून परत यायचा, माझ्या जीपच्या मागच्या बाजूकडे एकदा बघायचा आणि आत जायचा. मागितला मात्र कधी नाही. मी मनाशी म्हणायचो, मागू दे, मग देतो. खरं असं होतं की तो हूक भर बाजारात काढणं म्हणजे लोखंड माझं होतं हे कबूल करणं. तेवढी माझी छाती नव्हती. स्वतःचा मुलगा त्या हुकावर घाट चढत होता, तरी नव्हती.

परवा चहावाल्यानं सांगितलं की मिस्त्री सोमवारी अकोल्याला चालला, लेकीकडे, कायमचा. वेल्डिंगनं अधू झालेले डोळे या महिन्यात पारच गेलेत. सामान न्यायला जावई टेम्पो आणणार.

काल रविवार, बाजार बंद. गोपाल सोमवारच्या मालाची ट्रॉली भरत होता. मी त्याला चहा प्यायला घरात पाठवलं, सतरंजी अंथरली आणि बॅटरी घेऊन जीपखाली गेलो. हुकावरचा चिखल फडक्यानं पुसला. तिन्ही ठिपके दिसले. त्यांच्या वर, वेल्डिंगला लागून, बोटाच्या पेराएवढी तांबूस रेघ होती. नखानं खरवडली तरी जाईना. तिथे पडल्यापडल्या मला गजेंद्रची काठी दिसली आणि मग गोपाल दिसला.

हूक मी स्वतः काढला. बोटांची सालटं निघाली. मग रस्ता ओलांडला. बारा पावलं आहेत ती.

मिस्त्रीचं दुकान रिकामं झालं होतं. हत्यारं पोत्यात बांधलेली. फळीवर फक्त एक नारळ. मी ऐरणीवर हूक ठेवला.

"इनायतभाई, हा घ्या."

त्यानं डोळे बारीक केले, पण दिसलं नसावं. अंगठ्यानं चाचपत रेघेपाशी आला आणि थांबला.

"गोपाल कई निंगनार होता?"

"उद्या सकाळी."

त्यानं डोळे मिटले. ओठ हलले, काही पुटपुटला.

"लोखंड माह्यं होतं," मी म्हणालो. "उद्या ठान्यात जाऊन सांगतो."

"सांगजा. तुमचं मन हलकं होईन." मग म्हणाला, "मले वाटलं, तुमी येतच नाई आता."

त्यानं फळीवरचा नारळ काढून माझ्या हातात दिला. मी हलवून पाहिला. पाणी आटलेलं, आत गोटा खडखडत होता.

"हा तर लय जुना झाला," मी म्हणालो.

"सगळ्यात पयलं हेच घेतलं होतं. तुमच्यासाठी. मी म्हटलं, शालिकभाऊ समोरच हायेत, तेच पयले येतीन."

दुकानात एकच स्टूल उरलं होतं. त्यानं ते चाचपून माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः जमिनीवर बसला.