भाग न जाणारा नंबर

लालसिंग गुरुजींनी उभं आयुष्य गणित शिकवलं, आणि त्यांच्या घरात शेवटी चाललं ते ज्योतिषाचं. आम्ही दोघं बरीच वर्षं एका शाळेत होतो, म्हणून मला राग येतो. परक्याला हसू येईल.

पहिला मोबाइल घेतला तेव्हा गुरुजींच्या डोक्यात आलं, आपला दहा आकडी नंबर मूळ संख्या तर नाही? शेवटी सात, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज त्रेपन्न, म्हणजे तीनही बाद. पण खात्री करायची तर जवळजवळ एक लाखापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायला हवं होतं. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तांड्यावरच्या घरी गुरुजी आणि त्यांची शाळकरी मुलगी मिना भागाकार करत बसायचे. पोरीला नंबर झोपेतही पाठ झाला. एकाही संख्येने भाग गेला नाही, तेव्हा गुरुजींनी शाळेत पेढे वाटले.

मिना नर्स झाली, आमच्या हिंगोलीच्याच धम्मदीपशी लग्न करून पुण्याला गेली. तिच्या भावाने, दिपकने, तिचं नाव टाकलं. बापाच्या फोनमधून तिचा नंबरही पुसला. गुरुजी, मोठे शूर, गप्प बसले. होळीला तिचा फोन आला, तर दिपक शेजारी होता म्हणून त्यांनी कापला. मला म्हणाले, "पुढल्या होळीला उचलतो."

मधल्या काळात दिपकचं खताचं दुकान बसलं. ज्योतिषाने घरातल्या सगळ्यांचे नंबर मागवले. त्रेपन्न, म्हणजे पाच अन् तीन आठ. शनीचा आकडा! सिमकार्ड दिपकच्याच नावावर होतं. त्याने बापाचा नंबर बंद करून बेरीज नऊ येणारा नवा आणला.

"याला नवानं भाग जातो रे," गुरुजी म्हणाले.

"जाऊ द्या की. लोक फोन लावतेत बापू, भागाकार करत न्हाईत."

होळी गेली. नव्या नंबरावर कोण करणार फोन? शेवटी गुरुजींनी माझ्या फोनवरून जुना नंबर लावला. तो आता जालन्याच्या कुणा माणसाकडे होता.

"व्हय, होळीला एक ताई फोन करून राहिल्या होत्या," तो म्हणाला. "बापूला द्या म्हनत. मी म्हनलं, राँग नंबर. तर म्हनल्या, हा नंबर माझा चुकूच शकत न्हाई."

"मग?"

"मग रडल्या. म्हनल्या, बापूनंच तुमाला असं बोलायला लावलं न्हवं? सांगा त्याहीला, आता न्हाई करनार."

तिचा नंबर त्याने तेव्हाच पुसून टाकला होता.

मी म्हणालो, "उठा गुरुजी. धम्मदीपच्या आईवडिलांचं घर इथून दोन गल्ल्या सोडून आहे. पत्ता घेऊ, उद्याच पुण्याला जाऊ."

गुरुजी उठले. चपला घातल्या. दारापर्यंत गेले.

"पन दिपकला काय सांगू?" असं म्हणाले, आणि चपला काढून परत खाटेवर बसले.