पानावरची गोळी

अनघा, रघू,

तुमचे आजोबा जी गोळी घेत होते, तीच गेल्या आठवड्यात कुंभकोणमच्या डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिली. आम्हा दोघांचंही रक्त तुमच्यात आहे, म्हणून आज लिहिते.

आजोबा होते तेव्हा एकदा याच बाईंनी त्यांच्या हाताचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. एक्स-रेत एरवी रक्तवाहिन्या दिसत नाहीत. त्यांच्या दिसत होत्या, खडूने ओढल्यासारख्या.

"फॉस्फेट," त्या म्हणाल्या.

दूध, डाळ यांतून फॉस्फेट पोटात येतं. हाडांना ते लागतं. जास्त झालं की हाडंच एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन, म्हणजे रक्तातून जाणारा निरोप, मूत्रपिंडांना धाडतात: बाहेर टाका. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीही तेच सांगतात. आजोबा डायलिसिसवर होते. निरोप ऐकायला मूत्रपिंडं उरलीच नव्हती. ग्रंथी मात्र सांगत राहिल्या. त्यांच्या निरोपाने हाडं झिजली आणि त्यांतून सुटलेला चुना रक्तवाहिन्यांत साचला.

"मामी, सेवेलामर कधी देता?" बाईंनी विचारलं; तमिळ रीतीने त्या मला मामी म्हणतात. सेवेलामर हीच ती गोळी. अन्नातलं फॉस्फेट आतड्यातच धरून बाहेर नेते.

"जेवणाआधी अर्धा तास. घड्याळ लावून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग ती धरणार काय? पोटात अन्न नको?"

चिठ्ठीवर 'विथ फूड' स्वच्छ लिहिलं होतं. मला इंग्रजी येतं. पण आपल्या घरी पानाभोवती पाणी फिरवलं की जेवण होईपर्यंत उष्ट्या हाताने दुसरं काही शिवत नाहीत. मी माझ्या मनाने वेळ बदलली. चौदा महिने एकही गोळी चुकवली नाही.

परतताना रिक्षात आजोबा म्हणाले, "पाहुणा वेळेआधी आला आणि पंगत बसायच्या आत निघून गेला. त्याला तरी काय बोल लावायचा?"

मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गोळी पानावर मिठाशेजारी वाढली. त्यांनी ती मुकाट्याने गिळली. रक्तातलं फॉस्फेट उतरलं, रक्तवाहिन्यांतला खडू उतरला नाही. पायांवर काळ्या जखमा झाल्या, त्या भरल्या नाहीत. पोंगलनंतर ते गेले.

बाई म्हणाल्या, "केवळ गोळीमुळे नाही, मामी." मला त्यातलं 'केवळ' ऐकू आलं.

औषधाची वेळ हेही औषधच असतं. पटलं नाही तर विचारा. मनाने बदलू नका.

मी गोळी मिठाशेजारी वाढून घेते. माझ्या मूत्रपिंडांचा पाचवा हिस्सा अजून काम करतो आहे.