जव्हारची वेबसाइटवाली ताई

घरी बसून काम करणाऱ्या माणसाकडे किस्से कुठून येणार, असं माझ्या पुण्याच्या मैत्रिणींना वाटतं. ऑफिस नाही, बॉस नाही, कॅन्टीन नाही! पण मी जव्हारला राहते. इथे अर्धं जग चपला बाहेर काढून दारातून आत येतं, आणि उरलेलं फोनमधून. किस्से ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून अधूनमधून ते असे सांगून मोकळं व्हावं लागतं.

मी फ्रीलान्स वेब डिझायनर आहे. हे इथे कुणाला समजावणं सोपं नाही. आई विचारणाऱ्यांना सांगते, "ती कॉम्प्युटरवर रांगोळ्या काढते." एकदा बाजारात मोखाड्याकडच्या एक बाई भेटल्या. भाजी विकता विकता म्हणाल्या, "काय काम करतेस गो?"

"वेबसाइट बनवते."

"साईटवर जातेस व्हय! कंच्या? ठाण्याच्या का भिवंडीच्या?"

म्हटलं, "नाही हो, वेबसाइट. ती वेगळी असते."

बाईंनी माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या जास्तीच्या टाकल्या आणि हळूच विचारलं, "तिथं बायांना काम हाय का?"

*

हे काम मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही, व्हिडिओ बघून शिकले. तेव्हा आमच्या घरात रेंज यायची नाही. रेंज मिळायची ती एसटी डेपोत, शेवटच्या बाकड्यावर. रोज दुपारी जेवण झालं की मी जुना लॅपटॉप घेऊन तिथे जाऊन बसायचे. गाड्या यायच्या, जायच्या. नाशिक, ठाणे, पालघर. मी आपली कानात हेडफोन घालून वहीत वेबसाइटच्या कोडचे टॅग लिहीत बसलेली.

डेपोचे कंट्रोलर रोज खिडकीतून बघायचे. एक दिवस न राहवून बाहेरच आले. शेजारी बसले. फार मायेने म्हणाले, "पोरी, रोज येतेस. एकाही गाडीत बसत नाहीस. घरी काही भांडण झालंय का?"

मी हसून सगळं सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे! पण दुसऱ्या दिवशी बाकड्याजवळ एक खुर्ची आली. चार दिवसांनी त्यांच्या केबिनमधून एक वायर आली, लॅपटॉप चार्ज करायला. पावसाळ्यात तर ते ड्रायव्हर लोकांना ओरडायचे, "गाडी जरा पुढे लावा, तिकडे अभ्यास चाललाय!"

पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन गेले. कंट्रोलरकाकांनी पेढा तोंडात टाकला आणि अख्ख्या डेपोला ऐकू जाईल असं ओरडले, "अरे, या पोरीची गाडी लागली रे!"

*

ज्याच्या व्हिडिओंवर मी शिकले तो कुठला तरी हिंदीवाला मुलगा. चेहरा कधी दाखवायचा नाही. मागे पंख्याचा खडखडाट आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "समझ गए ना?" मी इकडे डेपोत मान डोलवायचे. हेडफोन होते म्हणून बरं, नाहीतर "हो सर" असंही म्हणाले असते!

मागच्या वर्षी मनात आलं, आपण ह्याच्या जिवावर जगतो आणि एकदाही आभार मानले नाहीत. त्याच्या एका जुन्या व्हिडिओखाली मी लांबलचक कॉमेंट लिहिली. मी कोण, कुठली, कशी शिकले, आता काय करते, सगळं. उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती. चॅनल कधीचं बंद पडलेलं.

आठवड्याने उत्तर आलं. "दीदी, मैंने तो वो काम कब का छोड़ दिया. भाई के साथ फर्निचर की दुकान है. आपका पढ़कर आँख भर आई." आणि खाली, "दुकान की एक वेबसाइट बनवानी थी. आप बना देंगी?"

बनवणार नाही तर काय! दुसरी सगळी कामं बाजूला ठेवली. एक एक बटण असं घासूनपुसून लावलं, जणू गुरुदक्षिणाच. साइट सुरू झाली त्या दिवशी त्याचा फोन आला. पहिल्यांदाच पंख्याशिवाय आवाज ऐकला.

"दीदी, कमाल का काम है! इतना अच्छा कहाँ से सीखा?"

*

आमच्या घराखाली पिठाची गिरणी आणि घरामागे आईच्या कोंबड्या. त्यामुळे क्लायंटशी कॉल असला की मी आधी खाली जाऊन गिरणीवाल्या रमणभाऊंना विचारते, "भाऊ, थोडा वेळ दळण थांबवाल का?" ते बिचारे थांबवतात. लोक डबे घेऊन पायरीवर बसून राहतात. माझी मीटिंग संपली की वरून मी हात हलवते आणि गिरणी सुरू. अशी सोय कुठल्या मोठ्या कंपनीत मिळत असेल?

गिरणी थांबते, पण कोंबडा थांबत नाही. एकदा एका कृषी पर्यटन केंद्राच्या मालकांना मी त्यांच्या साइटचा नमुना दाखवत होते. पहिलं पान उघडलं, डोंगराचा फोटो आला, आणि त्याच क्षणी मागे आमचा कोंबडा असा आरवला की मी खुर्चीतून उडाले! आता हे काम गेलंच म्हणून "सॉरी सर" म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "वा! हे साऊंड इफेक्ट फार छान टाकलंत!"

मी हळूच मागची खिडकी लावून घेतली.

"पण मॅडम, एक सांगा. हे फुकटचं कुठून उचललेलं नाही ना? लायसन्स वगैरे सगळं आहे?"

म्हटलं, "सर, घरचंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइल घेऊन कोंबड्यामागे फिरले आणि आवाज रेकॉर्ड करून दिला. साइट उघडली की अजूनही आमचाच कोंबडा आरवतो. आईला ऐकवलं तर तिने त्याच्यासमोर दाणे जास्त टाकले. म्हणाली, "चला, घरात दोन जण कमावते झाले!"

*

मध्यंतरी मला सोशल मीडियाचा फार कंटाळा आला. सगळ्यांची सुंदर टेबलं, सगळ्यांचे पुरस्कार, सगळ्यांचे रील. मैत्रीण म्हणाली, "डिटॉक्स कर, महिनाभर सगळं बंद." मी सगळी ॲप काढून टाकली. ग्रुपमधून बाहेर, स्टेटस बंद. दोन दिवस फार शांत गेले.

तिसऱ्या दिवशी रमणभाऊंच्या बायको, शोभावहिनी, डबा घेऊन वर आल्या. आत पेज आणि लोणचं. माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही वाटत."

"मला काय झालंय वहिनी?"

"मग स्टेटस का नाही तुमचं?"

झालं होतं असं की लाइट गेली की मी वैतागून स्टेटसला लिहायचे, 'गेली!' आणि आली की, 'आली!' माझा आपला क्लायंटसाठी इशारा. पण तो बघून खालच्या आळीतले लोक आपली कामं लावत होते. कुणी मोटार लावायचं, कुणी इडलीचं वाटण. दूरच्या पाड्यावरचा माणूस दळण घेऊन निघण्याआधी माझं स्टेटस बघायचा. दोन दिवसांत तिघेजण डोक्यावर गहू-तांदूळ घेऊन येऊन परत गेले होते.

मी म्हटलं, "वहिनी, मी जरा शांतता हवी म्हणून बंद केलं होतं."

वहिनींनी पेजेचा डबा माझ्यापुढे सरकवला. "शांततेत राहा की! पण लाइटीचं तेवढं सांगत जा."

*

आमच्या मित्रमंडळात एक दिनेश गुरुजी आहेत. पोशेऱ्याकडे एका पाड्यावर शिकवतात. मुलं घरी जी भाषा बोलतात त्या भाषेत त्यांनी गणिताचे छोटे व्हिडिओ करायला सुरुवात केली. खडे, चिंचोके, नागलीची कणसं घेऊन बेरीज-वजाबाकी. चॅनल मी करून दिलं. मुलं बघायची, आईबापही बघायचे.

मग कुणीतरी कॉमेंट टाकली. 'शिक्षक असून धड मराठी बोलता येत नाही. लाज वाटली पाहिजे.' खाली आणखी दोघांनी री ओढली.

गुरुजी साधा माणूस. फोनवर मला एवढंच म्हणाले, "मॅडम, ते व्हिडिओ काढून टाका." मी समजावलं, पण त्यांचा आवाजच गेला होता. शेवटी सगळे व्हिडिओ लपवून ठेवले. मलाही दोन दिवस जेवण गोड लागेना.

त्या आठवड्यात शाळेच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. दुसरीतल्या मुलीची आजी. नातीबरोबर व्हिडिओ बघून ती स्वतः हिशेब शिकत होती.

"गुरुजी, तुमी दिसंत नाय ते फोनात?"

गुरुजींनी खाली मान घालून खरं ते सांगितलं. लोक हसतात, लोकांना भाषा आवडत नाही.

आजीने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना समजली नसंल. त्यांना सांगा, परत एकदा बघा. आमीबी तुमचा पुस्तकातला धडा दोनदा ऐकतोव का नाय?"

गुरुजींनी शाळेतूनच मला फोन केला. "मॅडम, चालू करा सगळे!" मी चालू केले, आणि त्या कॉमेंटखाली आजीचं वाक्य जसंच्या तसं उत्तर म्हणून टाकलं.

*

आणि आता हा शेवटचा.

गुरुजींच्या शाळेत एक कार्यक्रम झाला. एक पाहुणे बोलावले होते, त्यांचं भाषण झालं. मी त्याचा व्हिडिओ शाळेच्या साइटवर टाकला. काही दिवसांनी सहज बघते तर भाषणाचा एकच तुकडा लोक पुन्हा पुन्हा बघत होते. कुठला भाग किती वेळा बघितला त्या आलेखात तिथे डोंगरच उभा! गुरुजींनी पाहुण्यांना कळवलं. पाहुणे खूश. "तिथे मी नेमकं काय बोललो होतो हो?"

मी जाऊन बघितलं. तिथे पाहुणे पाणी पीत होते. आणि त्यांच्या मागे, कुडाच्या कुंपणावरून, एका तांबड्या गाईने मान वर काढली होती. कॅमेऱ्याकडे बघितलं, कान हलवला, आणि गेली.

खाली एक कॉमेंट होती. 'गाय परत दाकवा.'

गुरुजींनी शोध लावला. कॉमेंट सूर्यमाळ गावच्या बुधीबाईंची होती; त्या ठाण्याकडे एका इमारतीच्या साईटवर कामाला गेलेल्या. उन्हाळ्यात सूर्यमाळला माणसांनाच पाणी पुरेना, तेव्हा त्यांनी आपली गाय पवळी पोशेऱ्याच्या रामजींना देऊन टाकली होती. मग त्या सुनेबरोबर कामावर गेल्या. सुनेच्या फोनवर गुरुजींच्या शाळेचा व्हिडिओ लागला आणि अचानक पाहुण्यांच्या मागे पवळी! तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत साईटवरच्या सगळ्या बाया मिळून तो तुकडा बघत होत्या.

मी गुरुजींना म्हटलं, "आपण त्यांना थेट दाखवू या की!"

रविवारी गुरुजींच्या बाइकवर बसून मी पोशेऱ्याला गेले. रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर. मग काय, रामजी पुढे, त्यांच्या मागे दाव्याला बांधलेली पवळी, मागून गुरुजी, आणि शेवटी फोन उंच धरून मी, अशी वरात टेकाडावर गेली. पाड्यावरची माणसं बघत उभी राहिली.

कॉल लागला. समोर बुधीबाई: डोक्यावर पिवळं हेल्मेट, चेहऱ्यावर सिमेंटची धूळ, मागे आणखी चार-पाच बाया. मी फोनचा कॅमेरा गाईकडे केला. बुधीबाईंनी फोन तोंडाजवळ ओढला. मग हाक आली.

"पवळे!"

पवळीने चरता चरता मान वर केली. कान टवकारले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मागे वळून सूर्यमाळच्या वाटेकडे बघत राहिली.

रामजी एकदम म्हणाले, "बाय, पानी भरपूर पितं हां ती. सकाळ-संध्याकाळ ओहोळावर नेतो."

"दिसतंय," बुधीबाई म्हणाल्या. "अंगानं भरलीय. पान्यासाठीच दिली होती मी."

मी हात अवघडला तरी फोन तसाच धरून उभी होते.

"ताई," बुधीबाई म्हणाल्या, "आता फोन उलटा धरा."

"का हो? नीट दिसत नाही का?"

"मना दिसली. आता तिला मी दिसू दे."