खराडीच्या थांब्यावरची पांढरी पावलं

राजसने मागे न बघता गाडीचं दार उघडलं आणि यज्ञेश्वर पेंडसे सायकलीसकट आडवे झाले. कॅरिअरवरची फक्कीची पिशवी फुटून खराडीचा बसथांबा पांढराफटक झाला.

"काका, लागलं का हो?"

"माझं राहू द्या. फक्की भरा."

मैदानावर रेघा मारायची ही पूड एक म्हातारा ऑफिसच्या वेळेला का वाहून नेतोय, हे राजसला ती ओंजळीने भरताना कळलं. यज्ञेश्वरांनी एकतीस वर्षं नोकरीत रस्त्यांचे नकाशे काढले. त्यांनी कागदावर पदपथ काढावा आणि कुणीतरी त्यावर विजेची डीपी उभी करावी! निवृत्तीनंतर तर पायाला भिंगरीच लागली. पाटाभोवतीची रांगोळी बघूनसुद्धा म्हणायचे, "वळण अवघड घेतलंय."

"आमटी सरळ येतेय, जेवा," त्यांच्या पत्नी उल्काताई म्हणायच्या.

समोरच्या आयटी कंपनीत झाडलोट करणाऱ्या बायका येरवड्याहून येऊन इथे उतरत आणि जीव मुठीत धरून पलीकडे पळत. गेल्या महिन्यात त्यांतल्या ललिताबाईंचा पाय मोडला. नव्या नकाशात मात्र झेब्रा पट्टे तीनशे पावलं लांब, कंपनीच्या दिमाखदार फाटकासमोर. आज महापालिकेचे साहेब येऊन जागा कायम करणार होते. त्याआधी बायकांची खरी वाट फक्कीने आखून दाखवायची होती.

आणि साहेबांची जीप आलीच. राजसचा मोबाइल खिशात तडफडत होता, मीटिंग सुरू झाली होती. पण पाय निघेना.

"कुठाय तुमची वाट?" साहेबांनी घड्याळ बघितलं.

"ह्यांनी सांडली."

धरणीने पोटात घ्यावं असं राजसला वाटलं. तेवढ्यात बस आली. दहाबारा बायका भराभर उतरल्या, सांडलेल्या फक्कीतून तशाच धावल्या. डांबरावर पांढरी पावलं उमटत गेली, थेट दुभाजकातल्या फटीपर्यंत. एकही पाऊल फाटकाकडे वळलं नाही.

"फाटकाशी नाही जात?" साहेब म्हणाले.

"अहो, उशीर झाला की अर्धा खाडा लागतो. आपण गेला असता?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

साहेबांनी नकाशा बॉनेटवर पसरला, फाटकासमोरचे पट्टे खोडले आणि थांब्यासमोर काढले. वर एक गतिरोधकही दिला.

राजसने हुश्श केलं. "जमलं की काका! आता घरी निवांत बसाल ना?"

सायकलचं वाकडं हँडल गुडघ्यांत धरून सरळ करत यज्ञेश्वर म्हणाले, "पुढच्या चौकातल्या माणसांना पंख आहेत का?"