भाताची रोपं आणि दीड तास

विनू, आई मला वर्धा स्टेशनवर सोडायला आली, तेव्हा तू पाण्याची बाटली आणायला गेला होतास. तू धाकटा, म्हणून तुझ्या माघारी ती मला म्हणाली, "ऊनच पाहाचं होतं तर इथं काय कमी हाये? रायपूरले काहून चाल्ली?" मी नुसती हसले. 

आता सहा वर्षं झाली. रायपुरात तेलीबांधा तलावाजवळ राहते, भाजीवाल्याला भैया म्हणते, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरते. पण एका जागी बसवत नाही. सुट्टी असली की उगाच तलावाला फेऱ्या मारत राहते.

प्रयोगशाळेत माझं काम भाताच्या रोपांवर. बेचाळीस अंशांत ठेवलं की रोप रोजची प्रथिनं बनवणं जवळपास थांबवतं. जीव वाचवणारी मोजकी तेवढी बनवत राहतं. बाकीच्या प्रथिनांचे निरोप, म्हणजे एमआरएनए, काही मोडतात, काही पेशीतच बाजूला ठेवले जातात. गारव्यात आल्यावर ते पुन्हा कामाला लागतात का, हे मी शोधत होते.

मागच्या मे महिन्यात, भर दुपारी तुझा फोन आला. आई गच्चीवर सांडगे घालताना ऊन लागून पडली होती, तू तिला दवाखान्यात नेलं होतंस. माझी रोपं नुकतीच उष्णतेतून बाहेर काढली होती. दर अर्ध्या तासानं पानं कापून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची होती. असे तीन नमुने बाकी होते. सुखवंतीदीदी प्रयोगशाळेत मदतनीस, माझ्याही आधीपासून आहेत. त्या म्हणाल्या, "जावव मैडम, मैं कर लेहूं." त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार, हे मला माहीत होतं. तरी मी थांबले. दीड तास.

तुला मी सांगितलं, गाडी चुकली. चुकली नव्हती विनू, मी निघालेच नव्हते. कामापेक्षा भीतीच जास्त होती. इथं निदान पुढं काय करायचं ते कळत होतं.

दवाखान्यात तू औषधं आणायला गेलास, तेव्हा आईला खरं सांगून टाकलं. तिनं सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू असती तरी सलाईन तेवढ्याच वेळानं संपली असती." तिनं माफ केलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. पुढे ते तीन नमुने सगळ्यांत चांगले निघाले. आनंद झालाच नाही.

आई दवाखान्यातून घरी आली, त्याच्या चौथ्या दिवशी मी बॅग भरत होते. तू गाडीची वेळ विचारलीस. मी सहज म्हणाले, "सकाळची आहे, दुपारपर्यंत घरी पोचते." आई माझ्या ओढणीची घडी घालत होती. तिचे हात थांबले. मग तिनं घडी पूर्ण केली, ओढणी बॅगेत ठेवली आणि आत गेली.

तेव्हापासून मी ‘रायपूरला जाते’, ‘वर्ध्याला येते’ एवढंच म्हणते. ‘घरी जाते’ असं दोन्हींपैकी कुठल्याच गावाबद्दल म्हणत नाही.