सडा पाऊस पितोय

जालन्याहून निघताना आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी आलं होतं. कोल्हापुरात नणंदेच्या घरी, कळंब्याला, पोहोचले तर बाहेरची दोरी आठवडाभर ओल्या कपड्यांनी भरलेली. नव्वदच्या दशकाचा शेवट, सप्टेंबर महिना, गणपतीची सुट्टी. वीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवत होते आणि दर वर्षी फळ्यावर एक वाक्य लिहीत होते: 'कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात जांभा खडक व बॉक्साइट आढळते.' दोन्हींपैकी काहीच पाहिलेलं नव्हतं. ती लाज एकदाची घालवावी, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच राधानगरीच्या एस.टी.त बसले.

शहर सुटलं की दोन्हीकडे ऊस. मग रस्ता चढू लागतो, उसाची जागा भात घेतं आणि माती काळीची तांबडी होत जाते. राधानगरीच्या पुढे एका फाट्यावर कंडक्टरनं मला उतरवलं. "बाई, सडा बघायचाय न्हवं? ही पायवाट धरा. पर धुकं आलं तर हलायचं न्हाय, सांगून ठेवतो!"

मी मान डोलावली आणि लगेच विसरले.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट, खडकाळ पठार. मी बोडक्या कातळाची अपेक्षा केली होती. वर आले तर पायाखाली निळी-जांभळी फुलं पसरलेली. सीतेची आसवं! बोटाच्या पेराएवढी झाडं, जेमतेम चिमूटभर मातीत उभी. खडक जाळीसारखा छिद्राछिद्रांचा, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा. छिद्रांतून पाणी बुडबुडत होतं. मी चक्क मांडी घालून बसले आणि साडी तांबडीभडक करून घेतली.

उठले तेव्हा धुकं आलं होतं. आपल्याच चपला दिसेनात. कंडक्टरचं बोलणं आठवलं, पण खडकावर पांढऱ्या रंगानं घातलेले आकडे दिसले: चौदा, पंधरा, सोळा. वाट दाखवायलाच कुणी घातले असणार, असं समजून मी आकड्यांमागे निघाले. एकोणीसपाशी खालून गार वारा अंगावर आला.

"ओ पावणं! तिथंच थांबा! पुढं कडा हाय!"

मी थिजले. धुक्यात घोंगडं पांघरलेली, हातात काठी घेतलेली एक पन्नाशीची बाई उगवली. मागे म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. जवळ येऊन तिनं मला न्याहाळलं आणि मोठ्यानं हसली. "अगं बया, बाईमाणूस! मला वाटलं मोजणीवाला. एकली कशाला आलासा?"

"आकडे बघत आले."

"ते मोजणीचं आकडं. वाटंचं न्हवं. त्येंच्या मागं गेलासा असता तर डायरेक कोकणात!"

तिचं नाव बायाक्का. सड्याच्या उतारावर तिचा धनगरवाडा, म्हणजे गवळी धनगरांची चार घरांची वस्ती. चुलीजवळ बसवून तिनं मला नाचणीची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि दह्याचा हा एवढा गोळा दिला. खर्ड्याच्या तिखटानं कडा विसरायला लावला. खाऊन झाल्यावर तिनं आढ्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेला कागद.

"बाई, तुमी मास्तरीण. एवढं वाचून दावा. मालक दूध घालाय खाली गेल्यात, आनि त्येंस्नी बी वाचाय येत न्हाय."

सड्यावर बॉक्साइटच्या खाणीसाठी पाहणी होणार, कुणाची हरकत असल्यास सोमवारच्या गावसभेत लेखी द्यावी, असं त्यात होतं. त्या दिवशी शनिवार. मी वाचून दाखवलं तशी तिनं कागद परत हातात घेतला. मग म्हणाली, "काय करत्यात वो ह्या दगडाचं?"

चुलीवर दूध तापत होतं. मी पातेल्याकडे बोट केलं. "हे जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं अशाच दगडापासून होतं. विजेच्या तारासुद्धा."

तिनं पातेल्याकडे नव्यानं पाहिलं. "म्हंजे मी डोंगरातच दूध तापवतो की!" हसली, आणि लगेच गंभीर झाली. "मग भांडं बी पायजे आनि सडा बी पायजे. आता लिवा बघू, कसं लिवतासा."

वहीचं पान फाडून मी बसले खरी, पण पेन हलेना. शिकवताना असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शेवटी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहिते."

"लिवा. पावसाळ्यात सडा पाऊस पितोय आनि उन्हाळ्यात झऱ्यातनं सोडतोय. म्हशी त्यावर, आमी त्यावर, खालचं गाव बी त्यावर. सडा काढला तर झरा कुठनं येनार, हे आदी सांगा. मग मोजा."

'जांभा खडक सच्छिद्र असतो' हे मी वीस वर्षं शिकवलं होतं. त्याचा अर्थ मला त्या चुलीपुढे कळला. मी एक शब्दही बदलला नाही. शाईचं पॅड नव्हतं. बायाक्कानं पातेल्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावली आणि कागदावर घट्ट दाबली. मग माझा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेऊन तिनंच मला फाट्यापर्यंत आणून सोडलं.

सुट्टी संपली आणि जालन्याला परतीची गाडी कोल्हापूरहून हातकणंगल्याकडे, पूर्वेला निघाली. तासाभरात ढग संपले, ऊन लागलं, काळी जमीन दिसू लागली. एकच जिल्हा, पण पश्चिमेला उचलून धरलेल्या ताटासारखा. वर पडलेलं पाणी हळूहळू इकडे उतरतं. आजवर मी नकाशावर नद्यांच्या निळ्या रेघा काढत आले, त्यांच्या उगमापाशी कुणाच्या म्हशी चरतात हे कधी मनातच आलं नव्हतं.

सभेचं काय झालं, ही रुखरुख दिवाळीपर्यंत राहिली. मग एक पोस्टकार्ड आलं, गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'बाईस नमस्कार. अर्ज सभेत मोठ्यानं वाचला. आमच्या सड्यावरची मोजणी थांबली हाय. पर पल्याडच्या सड्यावर खुट्या मारल्यात. तिथल्या बायका अर्ज मागाय लागल्यात. आमचा कागद सभेतच ऱ्हायला. तुमी परत लिवून धाडा. बायाक्का.'

वाचून आधी आनंद झाला, मग तो आनंद जरा अडखळला. त्याच संध्याकाळी जेवणाची ताटं बाजूला सारून मी कागद घेतला. आठवेल तसं, तिच्याच शब्दांत पुन्हा लिहिलं. खाली अंगठ्यांसाठी जागा सोडायची होती. पल्याड किती बायका आहेत ते कार्डात नव्हतं. मी अर्धं पान कोरं ठेवलं.