कूलर आणि हिरवा उजेड

माझ्या विद्यार्थिनीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा ऐन मे महिन्यात आली आणि तारनाक्याच्या आमच्या प्रयोगशाळेतला एसी त्याच आठवड्यात बंद पडला. मला त्याची काळजी नव्हती. मेमधली हैदराबादची कोरडी हवा आमच्या कामाला उत्तमच.

तिनं बनवलेली पांढरी भुकटी कोरडी असली की अतिनील दिव्याखाली हिरवी चमकते. दमट हवेत पाण्याचे रेणू तिच्यात शिरतात, चमक मावळते आणि तिचे चुंबकीय गुणही बदलतात. वाळवली की सगळं पूर्ववत. बाहेरून आलेल्या परीक्षकांना नेमकं हेच पटत नव्हतं. प्रबंधातले दोन आलेख त्यांना दोन वेगळ्या पदार्थांचे वाटत होते. नमुन्यांची सरमिसळ ठरली असती, तर प्रबंध परत आला असता.

परीक्षेला तिचे वडीलही आले होते. अंबरपेठेत त्यांचं किराणा दुकान. आमच्या शहरात उन्हाळ्यात पाहुणा आला की पाण्याच्या पेल्याआधी कूलर लावतात. परीक्षकांना घाम आलेला पाहून ते उठले, कोपऱ्यातला कूलर ओढून आणला, बादलीभर पाणी ओतलं आणि वारा थेट परीक्षकांच्या टेबलावर सोडला. उघड्या बशीतली भुकटीही त्याच टेबलावर होती.

तिनं बोलता बोलता दिवा लावला. हिरवा उजेड जेमतेम दिसला, थोड्या वेळात तोही गेला.

"हाच तुमचा पदार्थ?" परीक्षकांनी विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण तिनं मला हातानंच थांबवलं. असं करायची तिची ही पहिलीच वेळ.

"बाबा, कूलर बंद करा."

"अगं, सरांना गर्मी होतीय की!"

"होऊ द्या. बंद करा."

तिनं बशी प्रयोगशाळेतल्या विजेच्या तापत्या तव्यावर ठेवली आणि तिथंच दिवा धरला. कडेपासून हिरवा रंग उमटू लागला आणि बशीभर पसरला. मग तिनं बशी पुन्हा टेबलावर ठेवली.

"बाबा, आता लावा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "लावू का नक्को, मॅडम?"

"ती सांगेल तसं करा."

वारा आला, चमक विझली. परीक्षक स्वतः उठले, कूलर बंद केला, बशी तव्यावर ठेवली आणि खाली वाकून बघत राहिले. घाम टपकत होता, पण रुमाल काढायचं त्यांना सुचलं नाही. चमक परतली.

"पदार्थ एकच आहे," ते म्हणाले. "माझा आक्षेप मी मागे घेतो."

वडिलांनी हळूच विचारलं, "म्हणजे पास?"

"हौ, बाबा," ती म्हणाली.

मी कौतुक करण्यात कंजूष आहे, विद्यार्थ्यांना ते ठाऊक आहे. तिला एवढंच म्हटलं, की मी बोलले असते तर परीक्षा माझी झाली असती. तिला ते पुरलं. मला मात्र त्या दुपारचा अभिमान अजून पुरतो.

वडिलांनी तोवर बशीवर झाकण ठेवलं होतं. मग त्यांनी कूलर लावला.